बटणाचे मानकरी

मशीन पुन्हा त्याच जागी थांबलं, तेव्हा आकाराम पिसाळनं आधी दाराला आतून कडी घातली आणि मग डोक्याला हात लावला. क्रम ध्यानात घ्या. साखर कारखान्याचा कॉम्प्युटर ऑपरेटर डोक्याला हात लावून बसलाय हे एकानं जरी पाहिलं, तरी चहाच्या सुट्टीपर्यंत ती बातमी पलूसच्या स्टँडवर जाते, आणि परत येते तेव्हा तिच्यात बॉयलर फुटलेला असतो. म्हणून कडी आधी.

साल अठ्ठ्याहत्तर. तुळशीची लग्नं नुकतीच लागलेली आणि गाळप तोंडावर आलेलं. मुंबईच्या एका कापडगिरणीनं वापरून काढून टाकलेला कॉम्प्युटर चेअरमन हंबीरराव आबांनी कारखान्यासाठी आणला होता. दोन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं ते धूड. पुढं दिव्यांची आणि बटणांची पाटी, एका अंगाला आपोआप चालणारा टाइपरायटर, दुसऱ्या अंगाला भोकं पाडलेली कागदी फीत वाचायचं यंत्र. त्याच्याकडून काम एकच करून घ्यायचं होतं. कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा मागनं, त्याचा क्रम लावायचा. आजवर हे काम माणसं करत आली होती, आणि त्यापायी वशिले, भांडणं आणि निवडणुका असा सगळा खटाटोप लागायचा. मशीन कुणाचा पाहुणा लागत नाही आणि चहाही घेत नाही, म्हणून ते आणलं, असं आबा सभेत सांगायचे. टाळ्याही घ्यायचे.

अडचण एवढीच, की मशीनच्या डोक्यात अजून कापडच होतं. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर धोंडिराम जगदाळे, मूळचा लोणंदचा, त्यानं संचालक मंडळाला हे नीट समजावलं. "मशीनला स्वतःची अशी अक्कल नसते. ती वरून घालावी लागते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणायचं. गिरणीवाली जुनी काढायची आणि ही नवी बसवायची." मंडळातल्या जुन्याजाणत्यांनी एकमेकांकडं पाहिलं. अक्कल अशी वरून घालता येते, हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

ही नवी अक्कल चार फितींवर होती. पाचवी फीत उसाच्या नोंदीची, आणि ती आकारामनं स्वतः तयार केली होती. सगळ्या सभासदांच्या उसाच्या लागणीच्या, म्हणजे लावणीच्या, तारखा एकेक करून त्यानं भोकांत उतरवल्या. ज्याची लागण आधीची त्याची तोड आधी, एवढाच साधा हिशोब. हे शिकायला कारखान्यानं त्याला पुण्याला पाठवलं होतं.

त्याआधी आकाराम वजनकाट्यावर होता. काटा म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा. उसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग, अंगावर वाळल्या पाल्याची, पाचटाची धूळ, गाडीवान म्हणतोय तू काटा मारतोस, साहेब म्हणतोय तू सढळ हातानं तोलतोस, आणि या दोघांचं मिटेपर्यंत बैल तिथंच आपला कार्यभाग उरकून घेतायत. हंगामामागून हंगाम असे काढून माणूस पन्नाशीला टेकला आणि खोकला कायमचा घरी राहायला आला. मग कुठं आबांची मर्जी झाली आणि तो थंड हवेच्या खोलीत येऊन बसला. कारखान्यात तशी खोली ती एकच. शालूबाईनं, म्हणजे आकारामच्या बायकोनं, ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात कॉलनीच्या कट्ट्यावर बसून नवऱ्यासाठी स्वेटर विणायला काढला. कुणी विचारलं की सुई न थांबवता म्हणायची, "ह्यांच्या हापिसात लय थंडी असती. काय करायचं, सोसायला लागतंय."

आणि आबांनी आकारामला स्वच्छ बजावलं होतं. "मंत्री येणार हायेत. त्यांच्या म्होरं कागद निघाला पायजे. निघाला न्हाई तर काटा हायेच." आबा कधी आवाज चढवत नसत. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

तर असा प्रसंग. आकाराम 'लोड'चं बटण दाबायचा, पहिली फीत खडखड करत आत जायची, शेवटाला पोचायची, आणि मशीन गप्प. एक पिवळा दिवा लागायचा, तो लागूनच राहायचा. टाइपरायटर हलायचा नाही. आकारामनं फीत काढून झटकून पाहिली, फुंकून पाहिली, उलटी धरून उन्हात पाहिली. पुन्हा घातली की पुन्हा तोच पिवळा दिवा.

दुपारपर्यंत कॉलनीला वास लागला. पहिले आले केरूनाना. हे लष्करातनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, शेजारच्याच क्वार्टरात जावयाकडं राहायचे. देशाच्या सरहद्दीवर जे काही बिघडलं ते नानांनीच दुरुस्त केलं होतं, असं निदान ते तरी सांगायचे. त्यांनी कपाटावर टिचकी मारली, कान लावला आणि निदान केलं. "गारठलंय. लडाखला आमचा वायरलेस सेट असाच मुका व्हायचा. मग त्याला कंबल घालायचो." मशीनला थंडी लागते म्हणून नव्हे तर गरम होतं म्हणून इथं थंड हवा सोडलीय, हे आकाराम सांगेपर्यंत नानांनी घरून घोंगडं आणून पांघरलंसुद्धा. थोड्या वेळात मशीनमधून रबर जळल्याचा वास यायला लागला. घोंगडं काढल्यावर नाना म्हणाले, "बघ, ऊब धरली."

मग आले आप्पासो पॅनमन. साखर शिजवणाऱ्या भांड्याला पॅन म्हणतात आणि त्याच्यापुढं उभं राहून दाणा कधी धरतो ते ओळखणारा तो पॅनमन. कारखान्यात याच्याएवढा ताठा चेअरमनलाही नसतो. आप्पासोंनी मशीनकडं डोळे बारीक करून पाहिलं. "घाई करताय तुमी. दाणा धरायला येळ लागतो. पिवळा दिवा म्हंजी आत शिजतंय. सकाळपत्तोर कुणी बघायचंच न्हाई." आकारामनं फीत घालून खोलीला कुलूप लावलं. सकाळी उघडलं तर आत पिवळा दिवा होता, आणि त्याच्या खाली थंडाव्याला म्हणून कुणीतरी आणून ठेवलेली श्रीखंडाची चार पातेली. किल्ली कुणाकुणाकडं होती, ते अजून कळलेलं नाही.

वायरमन मंडळींनी अर्थिंगवर शंका घेतली. जमिनीत पुरलेल्या पट्टीला मीठपाणी घालायचं ठरलं. एक बादली पुरे होती, पण कारखान्याची बाब म्हटल्यावर जो तो येऊन एकेक बादली ओतून गेला. भिंतीला कमरेएवढी ओल चढली आणि खोलीला बंदरावरच्या गोदामासारखा वास सुटला.

घरी जेवताना शालूबाईनं विचारलं, "दिवा कुठल्या रंगाचा म्हनलात?"

"पिवळा."

"तांबडा न्हाई?"

"न्हाई."

"मग रागावलेलं न्हाई ते. वाट बघतंय."

"कुणाची वाट बघतंय?"

"ते मला काय म्हाईत. मला कुटं पुण्याला पाठवलं हुतं." असं म्हणून तिनं भाकरी वाढली, आणि आकारामनं ती निमूट खाल्ली.

शेवटी त्यानं लोणंदला ट्रंककॉल लावला. धोंडिराम बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. त्याच्या घरी फोन नव्हता, पण शेजारी कांद्याच्या अडत्याकडं होता. लाइन लागायला अर्धा दिवस गेला, आणि लागली तेव्हा पलीकडं बँड वाजत होता.

"पिवळा दिवा लागलाय ना काका?" धोंडिराम ओरडून म्हणाला. "मग सगळं ठीक आहे. पहिली फीत वाचून झाली. आता दुसरी लावा आणि हिरवं बटण दाबा. मग मशीन पुढं चालतं."

आकारामनं रिसिव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

"कुठलं हिरवं?"

"एकच आहे."

"ते सील हाय."

"काय आहे?"

"सील. लाखेचं. वर मोहर मारलीया."

बँडवाल्यांनी नवं गाणं धरलं. "कुणी केलं सील?"

"मीच."

"का?"

"ठराव हाय."

"मग तोडा की. प्रत्येक फीत संपली की ते दाबायलाच लागतंय, पाच वेळा. दुसरा इलाज नाही." पुढं त्यानं काहीतरी सांगितलं, पण ते वरातीच्या गलक्यात गेलं आणि लाइन तुटली.

आता या सीलाची हकीकत. मागच्या साली कारखान्यानं नवा वजनकाटा बसवला. उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. आदल्या संध्याकाळी व्हाइस चेअरमन सयाजीराव, म्हणजे आबांचे सख्खे मावसभाऊ आणि त्याहून सख्खे वैरी, आपली उसाची गाडी घेऊन आले आणि "चालतोय का बघू" म्हणून काट्यावर चढवली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी फीत कापली, नारळ फोडला, भाषण केलं. सयाजीराव मांडवात ज्याला त्याला सांगत फिरले, की उद्घाटन कालच झालं, माझ्या बैलांनी केलं. आबांना ते जेवण गेलं नाही. आपल्याकडं एक वेळ माणूस जमिनीचा तुकडा सोडेल, पण पहिला मान सोडणार नाही. हंगामाच्या सुरुवातीला गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, उसाची पहिली मोळी कुणी टाकायची, यावरून दोन खानदानांत सोयरीक तुटल्याचं मला माहीत आहे.

म्हणून या वेळी आबांनी मंडळात ठरावच करून घेतला. पहिली मोळी चेअरमननी सपत्नीक टाकायची. कॉम्प्युटरचं बटण मंत्रिमहोदयांनी दाबायचं. तोवर बटणाला कुणीही हात लावायचा नाही. मुख्य बटण कुठलं, असं धोंडिरामला विचारलं तेव्हा तो बहिणीच्या हळदीच्या घाईत होता. त्यानं हिरव्याकडं बोट दाखवलं आणि तो एस्टीकडं पळाला. आबांनी लगोलग ते सील करायला सांगितलं. काट्यावर सील लावण्यात आकारामचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं दोरा ताणला, लाख वितळवली आणि कडेला थेंब न सांडता असं गोल सील बसवलं, की दोन पावलं मागं सरून स्वतःच बघत राहिला. पुढं मशीन अडलं तेव्हा त्यानं सगळी बटणं तपासली, हे एक सोडून. सील लागलेली वस्तू कारखान्याच्या नोकराच्या लेखी तिथं नसतेच. तिच्याकडं बघायचं असतं ते फक्त सील शाबूत आहे का एवढ्यापुरतं.

लोणंदचा फोन ठेवून आकाराम तडक आबांकडं गेला.

"आबा, ते बटण एकदा दाबावं लागंल."

"दाबतील की मंत्री."

"त्यांच्या आधी, आबा."

"आधी?" आबांनी पानाचा डबा मिटला. "मग मंत्री काय दाबणार?"

"तेच पुन्हा."

"उष्टं बटण द्यायचं व्हय रं मंत्र्याला?"

आकारामनं दुसरी बाजू मांडली, की बटण एकदा नव्हे, पाचदा दाबायचंय, आणि मधल्या वेळात फिती चालायच्यात. आबांनी शांतपणे ऐकलं. "मंत्री एकदा दाबतील. बाकीचं तू बघायचं."

"बघायचं म्हंजी मी दाबू?"

"हात लावायचा न्हाई. सयाजीची माणसं दोनदा येऊन सील बघून जात्यात. जरा जरी तडा दिसला तरी त्यो वार्षिक सभेत उभा राहील. मग माझं सोड, तुझं काय हुईल ते बघ."

म्हणजे बटण दाबलं तर काटा, आणि न दाबलं तरी काटाच.

परत येतो तर थंड खोलीत सयाजीराव फेटा काढून वारा घेत बसलेले. "आकाराम, ये गड्या. आपल्याला सगळं कळलंया. तू सील तोड, मी एकदा बटण दाबतो, तू परत सील लाव. कुणाला कळायचं न्हाई."

"तुमीच सांगाल की लोकांना."

"ते मी सांगीन," सयाजीराव म्हणाले, "पण कळायचं न्हाई."

केरूनानांनी मात्र ठरावाचा लष्करी नजरेनं अभ्यास केला. "हात लावू नये म्हनलंय न्हवं? मग पाय लाव. पायाचा उल्लेख न्हाई." माणूस घाईला आला की त्याला काहीही पटतं. आकारामनं दार लोटलं, बूट काढला आणि बटण कितपत उंच आहे ते अंदाजायला पाय वर उचलला. छातीएवढ्या उंचीवर टाच पोचली आणि मांडीत असा गोळा आला, की पाय तिथंच राहिला. नेमकी त्याच वेळी शालूबाई डबा घेऊन आली. नवरा एका पायावर उभा, दुसरा मशीनच्या पाटीवर, आणि तोंड छताकडं. तिनं डबा खाली ठेवला, त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून उतरवला, आणि एवढंच म्हणाली, "आजपत्तोर काट्यावर हुता, तवा निदान उभं तरी नीट ऱ्हात हुता."

हे त्याला लागलं. त्या रात्री तो जेवला नाही. काट्याची धूळ, शिव्या, खोकला, हे सगळं त्यानं सोसलं होतं, पण तेव्हा आपण कुणी नव्हतो. आता आपण आहोत असं सगळ्या कॉलनीला सांगून झालं होतं, आणि तिथून खाली उतरायचं म्हणजे जिन्यावरून नव्हे, माडीवरूनच उतरायचं होतं.

समारंभाचा दिवस उजाडला. गव्हाणीपाशी आबांनी सपत्नीक मोळी टाकली. मंत्री आले ते दीड तास उशिरा. मलकापूरला सत्कार, मधे एका शाळेचा सत्कार, शिवाय रस्त्यात गाडी अडवून झालेले सत्कार. थंड खोलीत संचालक मंडळ खच्चून भरलं. बाहेर खिडक्यांना सभासद लोंबकळले. आकारामनं पहिली फीत आधीच वाचून घेतली होती, पिवळा दिवा लागला होता, दुसरी फीत लावून तयार होती. मंत्र्यांनी सीलाला लावलेला झेंडूचा हार बाजूला केला, दोरा कापला, लाख फोडली आणि हिरवं बटण दाबलं. मशीन खडखडलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, बँडनं सलामी दिली. मंत्र्यांनी चार शब्द बोलायला घेतले, ते बोलत असतानाच दुसरी फीत संपली आणि मशीन थांबलं.

बँडही थांबला. पिवळा दिवा लागला.

"झालं?" मंत्र्यांनी विचारलं.

आबांनी आकारामकडं पाहिलं. त्या पाहण्यात अख्खा वजनकाटा होता, बैलांसकट. दारापाशी सयाजीराव भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचं तोंड सणासारखं फुललं होतं.

आकारामला नंतर कितीदा तरी विचारलं, की तुला ते सुचलं कसं. तो म्हणतो, सुचलं नाही, घशाशी आलं. त्यानं पुढं होऊन तिसरी फीत लावली आणि माइक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

"मंत्रिमहोदयांच्या हस्ते पहिला मान पार पडला," तो म्हणाला. "आता दुसरा मान आपले व्हाइस चेअरमन, श्रीमान सयाजीराव."

मान. तो शब्द पडला आणि खोलीतला प्रत्येक माणूस सावरून उभा राहिला. मशीन का थांबलं, कसं थांबलं, हे कुणाला समजत नव्हतं, पण मान म्हटल्यावर काय करायचं ते सगळ्यांना समजत होतं. सयाजीराव भिंतीपासून सुटले. नाही म्हणायची सोय नव्हती, मंत्र्यांदेखत मिळालेला मान कोण सोडतो. त्यांनी फेटा नीट केला, बटणाला नमस्कार केला आणि दाबलं. मशीन खडखडत चाललं. बँड वाजला. कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला, आणि सयाजीराव इतके गहिवरले की आपण कुणाच्या विरोधात आहोत हेच घडीभर विसरले.

आबा आकारामच्या कानाशी आले. "तिसरा कुणाचा?"

"आपला, आबा."

"सयाजीच्या मागनं?"

"चढता मान हाय. शेवटाकडं मोठा होत जातोय."

आबांनी समाधानानं तिसरा मान घेतला आणि बटण दाबलं. पण हे बोलणं मागं उभ्या असलेल्या भाऊसोंनी ऐकलं. भाऊसो म्हणजे मंडळातले सगळ्यांत वडीलधारे संचालक. एरवी त्यांना तोफेचा आवाज येत नसे, हे मात्र बरोबर ऐकू आलं. "मग चवथा माझा," ते म्हणाले आणि काठी टेकत पुढं झाले. त्यांनी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. "सोडा, भाऊसो, सोडा," असं सगळे म्हणाले. भाऊसोंना ऐकू आलं नाही. शेवटी दोघांनी मिळून त्यांचं बोट उचललं, तेव्हा मशीन पुढं गेलं.

राहिला पाचवा, म्हणजे सगळ्यांत मोठा. त्याला उरलेले सगळे संचालक एकदम धावले. एकाच्या धोतरावर दुसऱ्याचा पाय पडला, समईतलं तेल सांडलं, एकाचा फेटा सुटून टाइपरायटरात अडकता अडकता राहिला. मंत्री अनुभवी होते. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "पहिला माझा, तसा शेवटचाही माझाच." त्यावर कुणाला बोलता येईना. त्यांनी बटण दाबलं.

आणि टाइपरायटर हलला. आपोआप, कुणी हात न लावता, टकटक टकटक करत कागद वर सरकायला लागला. खिडक्यांतली माणसं आणखी आत वाकली. आकारामच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यानं खोकल्यावर घातलं. त्यानं कागद हातात धरला आणि माइकवर मोठ्यानं वाचलं. "पहिली तोड, बनुबाई साळुंखे."

बनुबाई म्हणजे ओढ्याकाठची विधवा, वीस गुंठे ऊस. तिची लागण दरसाल सगळ्यांच्या आधी आणि तिची तोड दरसाल सगळ्यांच्या मागनं. तोडणीची टोळी तिच्या बांधावर पोचेपर्यंत उसाला तुरे येऊन वाळून जायचे. चेअरमन कुणीही असो, यात फरक पडत नसे. आणि आता मंत्र्यांदेखत मशीननं पहिलं नाव काढलं ते तिचं.

मग बाहेर खिडकीत कुणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्यानं वाजवली, आणि बघता बघता सगळं आवार टाळ्यांनी भरून गेलं. मंत्र्यांनी आबांचा हात हातात घेतला. "याला म्हणतात सहकार. हे मी मुंबईला सांगणार."

"आमचं धोरणच हाय ते," आबा हसून म्हणाले. आकाराम दुसरं नाव वाचायला खाली वाकला, तेवढ्यात आबांनी कागदावर आपला पंजा ठेवला. "पुढचं राहू दे. पानं वाढलीत." आबांचं नाव बरंच खाली होतं. सयाजीरावांचं त्याच्याही खाली. दोघांनी एकत्रच ते पाहिलं, आणि कित्येक वर्षांत प्रथमच दोघं एका पंगतीला शेजारी शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी आबांनी आकारामला बोलावून चहा दिला. समोर सयाजीराव बसले होते, हेही नवीनच.

"लय झकास केलंस. आता सांग, ती सिस्टीम बसली?"

"बसली, आबा."

"पक्की?"

"पक्की."

"म्हंजी मशीनला आता अक्कल हाय."

"हाय की."

"मग तिथं माणूस कशाला?" आबा म्हणाले. सयाजीरावांनी मान हलवली. ठराव एकमतानं झाला.

आकाराम घरी आला आणि त्यानं शालूबाईला सांगितलं. तिनं त्याचा काट्यावरचा जुना खाकी सदरा काढला, तुटलेली दोन बटणं लावली आणि खुंटीला अडकवून ठेवला.

गाळप सुरू झालं. काट्यावर सकाळची पाळी, धूळ तीच, बैल तेच. रांगेत पहिली गाडी बनुबाईची होती. मंत्र्यांपुढं शब्द गेलेला असल्यामुळं ते एक नाव कुणाला बदलता आलं नव्हतं. दुसरी गाडी आबांची, तिसरी सयाजीरावांची. मशीनची अक्कल पहिल्या ओळीपुरती, तिथून पुढं कारखान्याची.

बनुबाई मोळ्यांवर बसून आली होती. खाली उतरली, काट्यावरचा आकडा बघितला आणि मग त्याच्याकडं बघितलं.

"ते मशीन कुठं असतं रं बाळा? हात जोडायचं हुतं."

"तिकडं हापिसात असतंय, मावशी. आपलं आपण चालतंय ते."

"आपलं आपण? मग माजी लागण आधीची, हे त्याला कळलं कसं?"

मागं आबांचा गाडीवान हाकारे घालायला लागला होता. आकारामनं इकडं तिकडं पाहिलं.

"ते सांगावं लागतंय आधी. तारीख घालावी लागती."

"मग कुणी सांगितली?"

"मी," आकाराम म्हणाला.

बनुबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. हात काही जोडले नाहीत. पदर खोचला आणि बैलांच्या पुढं झाली.

"मग पुढल्या साली बी सांग," ती म्हणाली.